फोल्डर रिकामं दिसतंय

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या लहानशा कंपनीत ताईंकडे नकाशांचं काम होतं. कुठल्या इमारतीत कुठली लिफ्ट, तिच्या पॅनेलातली कुठली वायर कुठे जाते, मोटर कधी बदलली, दाराला कुठल्या जातीचं कुलूप आहे, हे सगळं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असे, आणि त्यातलं निम्मंअर्धं डोक्यातही. मेकॅनिक मंडळी त्यांना नकाशेताई म्हणत. समोर नुसतंच ताई.

सकाळी कामावर निघण्याआधी तिघे मेकॅनिक ऑफिसात डोकावून जात. त्या दिवशी जी लिफ्ट उघडायची तिचा नकाशा ताईंकडून छापून घ्यायचा, घडी करून खिशात कोंबायचा आणि निघायचं, एवढंच खरं तर काम. पण प्रिंटर जुना होता, कागद गिळायचा, आणि तो ताळ्यावर येईपर्यंत ताईंच्या टेबलाभोवती गप्पा रंगायच्या. एकाला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो झोपेतही बोलत असणार अशी सगळ्यांची खात्री होती. दुसरा जावई. तो कुणाचा जावई होता कोण जाणे, पण यायचा उशिरा आणि आल्याआल्या चहाचं विचारायचा, म्हणून जावई. तिसरे मामा. वयानं सगळ्यांत मोठे, बोलायला कमी. नकाशा हातात घेतला की चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ नेत आणि म्हणत, "हं, ही होय. ही बया मला ठाऊक आहे." लिफ्टबद्दल ते नेहमी असंच बोलत, नात्यातल्या एखाद्या तापट बाईबद्दल बोलावं तसं.

मंडळी निघून गेली की ऑफिस शांत होई. पण सकाळच्या त्या गलक्यावर ताईंचा अख्खा दिवस निघायचा. घरी बोलायला कुणी नव्हतं. आई होती तोवर घरात आवाज होता. ती गेल्यापासून दोन खोल्यांत ताई एकट्याच राहत होत्या. भाऊ-वहिनी दुसऱ्या शहरात, आणि भावापेक्षा वहिनीच जास्त फोन करायची.

कंपनीचे मालक म्हणजे धाकटे साहेब. थोरले साहेब वारल्यावर त्यांनी कारभार हातात घेतला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा होता. एकदा रेडिओ चुकीच्या इमारतीचा नकाशा घेऊन गेला आणि अर्धा दिवस वाया गेला, तेव्हा साहेबांनी ताईंना आत बोलावून घेतलं. आता हे कागद छापणं बंद, म्हणाले. सगळ्या फाइली क्लाउडवर टाकायच्या. ताईंनी इथे एखादा नकाशा बदलला की तो सगळ्यांच्या फोनमध्ये आपोआप बदलेल. कुणाला ऑफिसात यायला नको, मेकॅनिक घरून थेट कामावर जातील. हे सगळं ताईंनीच उभं करायचं, कारण त्या फाइलींची नाडी त्यांच्याशिवाय कुणाला कळत नाही.

शेवटच्या वाक्यानं ताई सुखावल्या. त्याआधीचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ मनात उतरायला वेळ लागला.

कामाला मात्र त्या हौसेनं लागल्या. इतक्या वर्षांचा पसारा होता. एकेका लिफ्टच्या चार-चार फाइली, आणि त्यांची नावंही अशी की वाचून हसू यावं: 'नवीन', 'नवीन अंतिम', 'अंतिम पक्का', 'हाच घ्यावा'. ही नावं त्यांनीच दिलेली, तेव्हा हसायचं तरी कुणाला. त्यांनी प्रत्येक फाइल उघडली, जुनी कुठली आणि चालू कुठली ते ठरवलं, आणि इमारतीगणिक एकेक फोल्डर केलं. मग लक्षात आलं की मेकॅनिकांना इमारतींची खरी नावं माहीतच नाहीत. त्यांच्या तोंडी 'कुत्रं भुंकतं ती', 'भांडकुदळ सेक्रेटरीची', 'जिन्यात अंधार' अशीच नावं असतात. म्हणून ताईंनी खऱ्या नावाशेजारी हीही नावं घातली. साहेबांनी पाहिलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या, पण त्यांनी ती तशीच राहू दिली.

सगळं वर चढवायला सुरुवात केली तेव्हा प्रत्येक फोल्डरवर एक निळं चक्र फिरायला लागलं. ऑफिसचं इंटरनेट रडतखडत चालायचं. एक फोल्डर वर गेलं की चक्राच्या जागी हिरवी खूण यायची. ताई दुसरी कामं करता करता मध्येच मान वळवून पाहत, चुलीवर ठेवलेल्या दुधाकडे पाहावं तसं. सगळ्यांवर हिरव्या खुणा आल्या त्या दिवशी त्यांना वाटलं, कुणाला तरी दाखवावं. साहेब बाहेर गेले होते. त्यांनी वहिनीला फोन करून सांगितलं. वहिनीनं मनापासून कौतुक केलं आणि मग विचारलं, आता तुम्हालाही घरूनच काम करता येईल ना, मग इकडेच या की राहायला. ताईंनी पाहू म्हणून विषय बदलला. भावाच्या घरी त्यांच्यासाठी खोली नव्हती, दिवाणखान्यातला सोफा होता, आणि हे वहिनीलाही ठाऊक होतं.

मग साहेबांनी तिघांना एकत्र बोलावलं. ताईंनी एकेकाचा फोन घेतला, त्यात अ‍ॅप घातलं, फोल्डर जोडून दिलं. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये किंवा लिफ्टखालच्या खड्ड्यात नेटवर्क मिळत नाही, म्हणून फाइली फोनमध्येच उतरून राहतील अशी सोय केली. फक्त पाहण्याची परवानगी द्यायची की बदलण्याचीही, असं अ‍ॅपनं विचारलं तेव्हा ताई क्षणभर थांबल्या. इतकी वर्षं ज्यांनी या लिफ्ट हातानं खोलल्या त्यांना तुम्ही फक्त बघा म्हणायचं, हे त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकली.

मामांच्या फोनला वेळ लागला. त्यात जागाच नव्हती. परदेशातल्या नातवाचे फोटो आणि व्हिडिओ खच्चून भरलेले. मामा म्हणाले, त्यातलं काही काढू नका, दुसरं काहीही काढा. ताईंनी इकडचं तिकडचं उडवून कशीबशी जागा केली. त्या दिवशी सगळे जेवायच्या वेळेपर्यंत थांबले, रेडिओनं तोंड बंद ठेवलं नाही आणि जावयानं दोनदा चहा घेतला. ताईंना वाटलं, किती छान जमलं सगळं.

दुसऱ्या दिवसापासून कुणी आलं नाही.

कुणी यायचं नव्हतंच. तरी ताई नेहमीच्या वेळी ऑफिस उघडून बसल्या, टेबल पुसलं, प्रिंटरमध्ये कागद भरला आणि मग तो काढून पुन्हा कपाटात ठेवला. साहेब आले, काम झकास झालं म्हणाले आणि फोनवर बोलत आत गेले. दुपारी डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज ताईंना स्वतःलाच मोठा वाटला.

दिवस जात राहिले. नकाशात काही बदल असला तर मेकॅनिक फोटो पाठवत, ताई फाइल दुरुस्त करत, निळं चक्र फिरे, हिरवी खूण येई. काम खरोखर सोपं झालं होतं. चुका कमी झाल्या, वेळ वाचला. त्या वाचलेल्या वेळाचं काय करायचं ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. कधी कधी संध्याकाळी घरी गेल्यावर ताईंच्या ध्यानात येई की आज आपण बसच्या कंडक्टरशिवाय कुणाशी बोललोच नाही, आणि त्यालाही फक्त उतरायच्या थांब्याचं नाव सांगितलं.

एक गोष्ट मात्र त्यांना सापडली होती. कुणी एखादी फाइल उघडली की तिच्या कोपऱ्यात छोटासा रंगीत गोल उमटे आणि त्यात त्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर असे. सकाळी ताई फोल्डर उघडून बसत. रेडिओचा गोल 'कुत्रं भुंकतं ती'वर आला की त्यांना कळे, पोचला. जावयाचा गोल अजून कुठेच नसला की त्या मनाशी म्हणत, उठला नसेल. मामांचा गोल क्वचित दिसे, कारण मामांना बहुतेक नकाशे पाठच होते. जेव्हा दिसे तेव्हा एकाच फाइलवर पुष्कळ वेळ राही. ताई तोवर दुसरं काही उघडत नसत. त्याला सोबत म्हणायचं की नाही हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

आणि एके सकाळी त्यांनी कॉम्प्युटर लावला तर फोल्डर रिकामं. एकही इमारत नाही. आधी वाटलं, आपणच चुकून दुसरं काही उघडलं. बंद करून पुन्हा उघडलं. पांढरा पडदा, आणि मधोमध बारीक अक्षरात, इथे काही नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रेडिओ. ताई, माझं फोल्डर रिकामं दिसतंय, काय झालं, मी काही केलं नाही हां, असं त्यानं एका दमात सांगितलं. त्याचा फोन ठेवतात न ठेवतात तोच जावई. मग साहेब, घाबरलेले, सगळं गेलं का म्हणून विचारत. मग पुन्हा रेडिओ. ऑफिसच्या फोनवर एक, मोबाइलवर दुसरा. ताई म्हणत होत्या, बघते, थांबा, बघते. त्यांच्या आवाजात कसलीतरी तरतरी आली होती आणि ती त्यांना स्वतःलाही ऐकू येत होती.

कचरापेटी नावाची एक जागा असते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ती उघडली. सगळं तिथे होतं, सगळी फोल्डरं, आपापल्या नावांसकट. शेजारी बटण होतं, परत ठेवा.

ताईंनी ते दाबलं नाही.

त्या नंतर स्वतःला पुष्कळदा म्हणाल्या की मी नीट तपासत होते. पण तपासण्यासारखं काही नव्हतं. फोन वाजत होते म्हणून त्या थांबल्या होत्या. जावई सांगत होता की तो एका अरुंद गल्लीत दुचाकीवर बसून राहिलाय आणि वरून कुणीतरी त्याच्यावर धुण्याचं पाणी टाकलं. त्यावर ताई हसल्या. साहेबांनी विचारलं, होईल ना, ताई, आणि त्या म्हणाल्या, होईल, मी आहे ना. असं म्हणून किती काळ लोटला होता. त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली आणि पुढच्या फोनची वाट पाहिली.

पुढचा फोन रेडिओचाच होता, पण या वेळी तो सावकाश बोलत होता.

"ताई, लिफ्ट मध्येच अडकली होती. आतल्या माणसाला मी काढलं. पण ती चालू करायला मला पॅनेलचा नकाशा लागणार. खाली एक आजोबा आहेत चाकाच्या खुर्चीत. दवाखान्यातून आणलंय त्यांना. सहावा मजला. मुलगी उन्हात उभी राहून त्यांच्यावर ओढणी धरतेय. किती वेळ लागेल ते सांगा, म्हणजे त्यांना शेजारच्या दुकानात तरी बसवतो."

ताईंनी बटण दाबलं. बोलताबोलताच दाबलं. मग म्हणाल्या, "बसवू नको कुठे. आलंच बघ."

निळी चक्रं फिरायला लागली. रेडिओला हवं ते फोल्डर आधी यावं म्हणून त्या पडद्याकडे डोळे लावून बसल्या, जणू बघण्यानं ते लवकर येणार होतं. ते आलं. रेडिओ म्हणाला, आलं ताई, आणि फोन ठेवला. हळूहळू सगळी आली. जावयानं आलं एवढंच लिहून पाठवलं. साहेबांनी अंगठा पाठवला. ऑफिस पुन्हा शांत झालं, आणि त्या शांततेत ताईंना आपलेच हात परके वाटायला लागले. त्या मुलीची ओढणी डोळ्यांपुढून हलेना.

दुपारी मामांचा फोन आला. ते क्वचितच फोन करत, म्हणून ताई दचकल्या.

"ताई, एक विचारायचं होतं. ते तुमचं मोठं फोल्डर माझ्या फोनमध्ये परत आलंय. रात्री मी काढून टाकलं होतं. नातवाचा व्हिडिओ आला होता, जागा नाही म्हणत होता फोन. म्हटलं, नकाशे काय, ताईंकडे आहेतच."

ताईंनी विचारलं, व्हिडिओ बघायला मिळाला का. मिळाला होता. नातू पोहायला शिकला होता. मामांनी तो कसा कडेला धरून पाय मारतो ते सविस्तर सांगितलं, इतकं ते कधीच बोलले नव्हते. तुमच्यामुळे सगळ्यांचं फोल्डर गेलं हे ताईंनी त्यांना सांगितलं नाही. उद्या फोन घेऊन या, एवढंच म्हणाल्या, मी जागा करून देते.

साहेबांनी संध्याकाळी विचारलं की हे केलं कुणी. ताई म्हणाल्या, सगळ्यांना फाइली काढून टाकायचीही परवानगी मी दिली होती, ती द्यायला नको होती, आता काढून घेतलीय. ते खरंच होतं. साहेबांनी अधिक खोदून विचारलं नाही. सकाळी बटण दाबायला आपण उशीर केला हे सांगायला ताईंनी तोंड उघडलं होतं, पण साहेबांचा फोन वाजला आणि ते राहून गेलं. घरी गेल्यावर त्यांनी जेवण गरम केलं आणि तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मामा आले. इतक्या दिवसांनी त्यांना दारात बघून ताईंना भरून आलं, पण त्यांनी चष्मा पुसण्यात वेळ काढला. मामा टेबलाजवळच्या जुन्या जागी बसले. ताईंनी त्यांचे सगळे फोटो क्लाउडवर वेगळ्या जागी हलवले, फोनमध्ये मोकळीक केली, आणि नकाशांच्या फोल्डरला हात लागला तरी आता काही बिघडणार नाही हे समजावून दिलं. चक्र फिरत होतं तोवर दोघं पडद्याकडे बघत बसले. मग मामाच म्हणाले की सकाळी घरून थेट कामावर जायचं त्यांना अजून जमत नाही. पाय इकडेच वळतात. एकदोनदा तर खालच्या कोपऱ्यापर्यंत येऊन ते परत फिरले होते.

"मग वर का नाही आलात?"

"साहेब म्हणाले ना, यायची गरज नाही. आम्हाला वाटलं, तुमच्या डोक्याचा ताप कमी झाला. आम्ही येऊन नुसता गोंधळ घालायचो."

"ताप नव्हता, मामा," ताई म्हणाल्या. "मला तेवढंच होतं."

मामांनी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं की या महिन्याअखेर ते काम सोडतायत. गुडघे म्हणतात पुरे. मुलगा तिकडे या म्हणतोय, पण तिकडे जाऊन दिवसभर करायचं काय, आणि इथे राहून तरी काय. ताईंनी त्यांना चहा करून दिला. चहा संपला, फोटो हलवून झाले, मामा उठले. जाताना म्हणाले, येत जाईन अधूनमधून. ताईंनी हो म्हटलं. दोघांनाही ठाऊक होतं की कामाशिवाय तो जिना कुणी चढत नाही.

पुढच्या आठवड्यात ताई साहेबांच्या खोलीत गेल्या. आपल्याला घरून काम करायचं नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग म्हणाल्या की जुन्या लिफ्टमध्ये मेकॅनिकांनी वर्षानुवर्षं वायरी बदलल्यात आणि नकाशे आहेत तिथेच आहेत. चुकीचा नकाशा सगळ्यांच्या फोनमध्ये पटकन पोचला म्हणून तो बरोबर होत नाही. कुणीतरी जागेवर जाऊन ताडून पाहिलं पाहिजे. साहेबांनी विचारलं, तुम्ही जाणार, वर मशीन रूमपर्यंत. ताई म्हणाल्या, जिने असतातच ना. आठवड्यातले दोन दिवस बघू, असं साहेबांनी कबूल केलं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की ते ही गोष्ट लवकरच विसरतील.

पहिली इमारत जुनी होती. जावयानं मशीन रूमचं कुलूप उघडून दिलं, कशाला हात लावू नका म्हणून बजावलं आणि दुसरा कॉल आहे सांगून तो खाली पळाला. ताई दारातच थांबल्या. इतकी वर्षं त्यांनी हे सगळं रेघांत काढलं होतं. प्रत्यक्षात ते पहिल्यांदाच बघत होत्या. मोटर त्यांना वाटली होती त्याहून लहान निघाली. पॅनेलचं दार उघडंच होतं, आणि आत वायरींचा असा गुंता की त्यांच्या सरळसोट रेघा पाहून कुणालाही हसू आलं असतं. त्यांनी फोनवर नकाशा उघडला आणि एकेका वायरीमागून हवेतच बोट नेत बघायला लागल्या. एक पिवळी वायर त्यांच्या नकाशात नव्हतीच. ती कुणी घातली, कशासाठी, हे आता कोण सांगणार.

त्या ते टिपून घेत असताना पॅनेलात खट्ट झालं आणि मोटर फिरायला लागली. ताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. जाड दोर त्यांच्यासमोरून सरसर धावत होते. खाली कुणीतरी बटण दाबलं होतं. दोर थांबले, क्षणभर काही नाही, मग पुष्कळ खालून दार सरकल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ कुणाच्या तरी किल्ल्यांचा. कुणीतरी घरी पोचलं होतं. ताईंनी पुन्हा ती पिवळी वायर शोधली, आणि ती जाते तिथपर्यंत नजर नेत राहिल्या.